अकरा मिनिटांचा खान्देश

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांवर देशाच्या संसदेत अन्याय होत आहे, ही गोष्ट पिंप्राळ्यातल्या एका गच्चीवर रविवारी सकाळी साडेदहा वाजता एकमताने ठरली. पावणेअकराला अन्याय निवारण्यासाठी समिती स्थापन झाली. अकराला चहा आला.

गच्ची प्राध्यापक योगेंद्र बाविस्कर यांची होती. सर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत. कोणत्या राज्यात एका खासदारामागे किती लाख माणसं येतात, याचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. लक्षद्वीपचा खासदार पन्नास-साठ हजार मतदारांमागे एक आणि आपला पंधरा-वीस लाखांमागे एक, हे सांगताना त्यांचा आवाज कापत असे. हा माणूस प्रामाणिक होता, याची नोंद इथेच करून ठेवतो. पुढे तशी संधी मिळेलच असं नाही.

समितीचं नाव ‘खान्देश न्याय्य प्रतिनिधित्व कृती समिती’ असं ठरलं. जळगावचे निवृत्त मुख्याध्यापक पितांबर नाना अध्यक्ष झाले. धुळ्याच्या बाजूने सोनगीरचे झुलाल आप्पा कार्याध्यक्ष झाले. काम करायला कुणीतरी लागतं, म्हणून योगेंद्र सरांना सचिव केलं. जळगाव जिल्ह्याचे पंधरा आणि धुळ्याचे चार, अशा एकोणीस तालुक्यांचे एकोणीस सदस्य घेतले. सगळे पुरुष होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरांनी चोवीस पानांचं निवेदन लिहिलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत वाक्य होतं: ‘नुसती डोकी मोजून प्रतिनिधित्व ठरवणे हा अन्याय आहे.’ लोकसंख्या वाढेल तशा जागा वाढणार असतील, तर ज्यांनी दोन मुलांवर थांबून देशाचं ऐकलं त्यांना ही शिक्षाच नाही का, असा सवाल दुसऱ्या पानावर होता. दोन्ही पानांना टाळ्या पडल्या. उरलेली बावीस पानं कुणी वाचली नाहीत, त्यामुळे तीही एकमताने मंजूर झाली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. दिल्लीहून एक अभ्यासगट धुळ्याला येणार होता. संसदेच्या जागांची फेरमांडणी कशी असावी, यावर तो जनतेचं म्हणणं ऐकून घेणार होता. ‘आपल्या समितीस दुपारी १२.०४ ते १२.१५ ही वेळ देण्यात येत आहे.’

“अकरा मिनिटं!” पितांबर नाना गहिवरले. “पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा दिल्ली आपल्याला अकरा मिनिटं देतेय.”

अकरा मिनिटांत बोलायचं कुणी, हे ठरवण्यासाठी लगेचच्या रविवारी गच्चीवर बैठक भरली.

नानांची मांडणी सरळ होती. जळगावची लोकसंख्या बेचाळीस लाखांच्या वर, धुळ्याची वीस लाखांच्या वर. म्हणजे दोनास एक. “जळगावला सात मिनिटं वीस सेकंद. धुळ्याला तीन मिनिटं चाळीस सेकंद. गणित स्वच्छ आहे.”

झुलाल आप्पा उभे राहिले. “नाना, निवेदन काढा. पहिलं पान. नुसती डोकी मोजणं अन्याय आहे, असं कुणी लिहिलंय?”

“ते संसदेसाठी लिहिलंय,” नाना म्हणाले. “हा आपला आपसातला विषय आहे.”

“मग आपसात अन्याय चालतो का?”

“आपसात त्याला समजूतदारपणा म्हणतात, आप्पा.”

आप्पांचं म्हणणं होतं की जिल्हे दोन, तर वाटे दोन, साडेपाच-साडेपाच मिनिटं. साक्रीच्या सदस्याने डोंगर पुढे केला. त्याच्या तालुक्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला अर्धा दिवस लागतो, तर बोलायलाही जास्त वेळ लागणारच. रावेरचे नवल भाऊ एवढा वेळ गप्प होते. त्यांनी शांतपणे सुचवलं की देशाच्या थाळीत कोण किती घालतो त्यावर वेळ ठरवावा. वॅगन भरभरून केळी दिल्लीला आमचा तालुका पाठवतो, आणि दिल्लीशी बोलायला तोंड मात्र जळगावचं, हे बरं नव्हे.

योगेंद्र सरांनी फळा आणला. लोकसंख्या, क्षेत्रफळ, पर्जन्यमान आणि केळी यांना वेगवेगळं वजन देऊन त्यांनी सात सूत्रं मांडली. प्रत्येक सूत्रात कुणावर तरी अन्याय शिल्लक राहत होता, आणि ज्याच्यावर तो राहत होता तो फळा पुसायला उठत होता. शेवटी सर थकले आणि म्हणाले, “तालुके एकोणीस. सगळ्यांना सारखा वेळ.”

अकरा मिनिटं म्हणजे सहाशे साठ सेकंद. एकोणिसांना वाटले की प्रत्येकी चौतीस.

यावर धुळ्याचे चारही सदस्य सभात्याग करून जिन्यापर्यंत गेले. एकोणिसांत चार म्हणजे लोकसंख्येपेक्षाही कमी वाटा, हे त्यांना जिना उतरताना लक्षात आलं होतं. नाना त्यांच्यामागे गेले. जिन्यात वाटाघाटी झाल्या आणि तोडगा निघाला: सुनावणीत पहिल्या रांगेच्या चारही खुर्च्या धुळ्याला. सेकंद जळगावला, खुर्च्या धुळ्याला. दोन्ही बाजूंनी हा आपला विजय असल्याचं इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

चौतीस गुणिले एकोणीस म्हणजे सहाशे सेहेचाळीस. चौदा सेकंद उरले.

त्यांचं काय करायचं, यावर पुन्हा तोंडं उघडणार, तेवढ्यात सरांनी पत्राची मागची बाजू वाचली. शिष्टमंडळात किमान एक महिला असणं आवश्यक होतं.

सरांनी सदस्यांची यादी वरून खाली वाचली. मग नानांनी स्वतःच्या सौभाग्यवतींचं नाव सुचवलं. लगेच आप्पांनी हरकत घेतली, कारण त्यामुळे जळगावचं संख्याबळ सोळावर जात होतं. आप्पांनी आपल्या सुनेचं नाव दिलं, त्याला त्याच कारणासाठी नानांनी हरकत घेतली. महिला हवी होती, पण ती जळगावची नको होती आणि धुळ्याचीही नको होती.

“ती बाई आहे ना,” नवल भाऊ म्हणाले, “दर बैठकीला जिन्याजवळ बसते ती.”

ती बाई म्हणजे बोरझिऱ्याच्या कुंदाबाई. बोरझिरे हे गाव दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, नदीकाठी आहे. कागदोपत्री ते जळगावात आणि बाजारहाट, दवाखाना धुळ्यात. त्यामुळे जळगाववाले त्याला धुळ्याचं समजत आणि धुळेवाले जळगावचं. कुंदाबाई अंगणवाडी सेविका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचून त्या समितीच्या तीन बैठकांना दोन एसट्या बदलून आल्या होत्या. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. सरांनी तो प्रत्येक वेळी ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात घेतला होता आणि प्रत्येक बैठक ऐनवेळच्या आधीच भांडणात संपली होती.

“ताई, दिल्लीच्या साहेबांसमोर बोलाल का?” सरांनी विचारलं.

“बोलेन की. किती वेळ?”

“चौदा सेकंद.”

कुंदाबाईंनी थोडा विचार केला. “आतापर्यंत एवढासुद्धा कुणी दिला नव्हता,” त्या म्हणाल्या.

“आभार मानायचेत फक्त,” नानांनी घाईने सांगितलं. “माननीय अध्यक्ष, माननीय सदस्य, धन्यवाद, जय हिंद. त्यातही दोन सेकंद उरतील.”

सुनावणीच्या दिवशी धुळ्याच्या सभागृहात एकोणीस फेटे आणि एक पदर वेळेवर हजर झाले. अभ्यासगटाचे अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते. त्यांच्यासमोर एक घड्याळ होतं आणि घड्याळाशेजारी एक घंटा होती. पहिल्या रांगेत धुळे जिल्हा बसला.

पहिले पितांबर नाना उठले. “आदरणीय व्यासपीठ, दिल्लीहून वाट वाकडी करून आमच्या या केळीच्या, कापसाच्या, संतांच्या आणि शूरांच्या भूमीत आलेले विद्वान अध्यक्ष महोदय, त्यांच्या उजव्या हाताला विराजमान असलेले तितकेच विद्वान...” घंटा वाजली. डाव्या हाताचे विद्वान राहून गेले. ते पुढे दिवसभर नाराज दिसत होते.

झुलाल आप्पांनी यातून धडा घेतला आणि स्वागत टाळलं. पण आधी बोलण्याचा मान जळगावला का दिला, याचा निषेध नोंदवण्यात त्यांचे चौतीस सेकंद गेले. नवल भाऊंनी केळीचा घड आणला होता. तो टेबलावर ठेवायचा की खाली, हे ठरेपर्यंत घंटा झाली. आपलं भाषण घडात आलं आहे, असं म्हणून ते बसले. साक्रीच्या सदस्याला माईकपर्यंत पोचायलाच वीस सेकंद लागले. त्यामुळे त्याचा डोंगराचा मुद्दा आपोआप सिद्ध झाला, पण मांडायचा राहिला. एकाने कविता म्हटली. एकाने आपल्या आधीच्या वक्त्याचं समर्थन केलं आणि त्याच्या नंतरच्याने त्याचं.

योगेंद्र सर एकोणिसावे होते. चोवीस पानांचा सारांश चौतीस सेकंदांत बसवण्याचा सराव त्यांनी आठवडाभर केला होता. पण अठरा भाषणं ऐकून त्यांचा घसा कोरडा पडला होता. ते म्हणाले, “लक्षद्वीपमध्ये...” आणि त्यांना ठसका लागला. घंटा होईपर्यंत तो थांबला नाही.

सहाशे सेहेचाळीस सेकंद झाले होते. खान्देशाची मागणी काय आहे, हे अजून अभ्यासगटाला कळलेलं नव्हतं.

कुंदाबाई उठल्या. माईक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता, म्हणून त्या माईकशिवायच बोलल्या.

“माझं गाव बोरझिरे. आमचं मतदान केंद्र नदीपलीकडे नेलंय. नकाशावर अर्धा किलोमीटर, रस्त्याने अकरा. मागच्या वेळी एकसष्ट म्हाताऱ्यांचं मत राहिलं. केंद्र परत द्या.”

चौदा सेकंद झाले. घंटेकडे गेलेला अध्यक्षांचा हात मात्र तिथेच थांबला. सकाळपासून सभागृहात पहिल्यांदाच कुणी एक संपूर्ण वाक्य बोललं होतं आणि त्यात आकडा होता.

“थांबा बाई. केंद्र का हलवलं?”

“शाळेत होतं, साहेब. शाळेत सहा पोरं उरली म्हणून शाळा बंद झाली. शाळा नाही म्हणून केंद्र नाही. पलीकडच्या गावच्या शाळेत नेलं. पूर्वी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. आता खाली बंधारा झाला, बाराही महिने पाणी असतं.”

“नदी नकाशावर दिसली नाही?”

“दिसली ना. पण नकाशावर तिला रुंदी नव्हती.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. त्यांनी आणखी विचारलं, कुंदाबाईंनी आणखी सांगितलं. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. गावातली तरणी माणसं सुरतेला आणि पुण्याला. त्यांच्या सासऱ्यांनी, आधार आबांनी, सदुसष्ट सालापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं, ते मागच्या वेळी चुकलं. पंच्याऐंशी वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं, पण आबा एक्क्याऐंशीचे. “चार वर्षं कमी पडली, साहेब. जगून भरून काढा, असं कचेरीतले म्हणाले.”

समितीत चुळबुळ सुरू झाली. जळगाववाल्यांना वाटलं, ही बाई धुळ्याची असून आपला वेळ खातेय. धुळेवाल्यांना वाटलं, ही जळगावची असून आपल्या खुर्च्यांची शोभा घालवतेय. दिल्लीसमोर गावची धुणी धुऊ नयेत, यावर मात्र दोन्ही जिल्ह्यांचं कधी नव्हे ते एकमत झालं.

“बाई, तुमचा प्रश्न अत्यंत रास्त आहे,” अध्यक्ष शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. “परंतु या अभ्यासगटाची कार्यकक्षा संसदेत किती प्रतिनिधी असावेत एवढीच आहे. मतदार मतपेटीपर्यंत पोचतो की नाही, हा विषय दुसऱ्या गटाकडे येईल.”

“तो गट कधी येणार, साहेब?”

“तो अजून नेमलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली: ‘खान्देशाने दिल्लीसमोर मांडली व्यथा’. खाली एकोणीस नावं होती. शेवटी ‘आदींसह एक महिला उपस्थित होती’ असंही छापलं होतं.

तीन महिन्यांनी अभ्यासगटाचा अभिप्राय आला. खान्देशाचं म्हणणं पुरेसं स्पष्ट झालं नाही, असं त्यात म्हटलं होतं. मात्र हे वेळेच्या अपुरेपणामुळे झालं असावं. सबब पुढील सुनावणीत समितीला अकराऐवजी बारा मिनिटं द्यावीत, अशी शिफारस होती.

गच्चीवर पेढे वाटले गेले. “प्रतिनिधित्वात नऊ टक्के वाढ!” नानांनी जाहीर केलं. नऊ पूर्णांक शून्य नऊ, अशी दुरुस्ती सरांनी सवयीने केली. वाढीव मिनिट कुणाचं, यावर पुढच्या रविवारपासून दोन्ही जिल्ह्यांच्या उपसमित्या बसणार होत्या. तोपर्यंत एक जुनं प्रकरण निकाली काढायचं होतं. चौदा सेकंद मंजूर असताना कुंदाबाई चार मिनिटं दहा सेकंद बोलल्या होत्या. दोनशे छत्तीस सेकंदांचं हे अतिक्रमण का समजू नये, याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस द्यावी, असा ठराव आप्पांनी मांडला आणि नानांनी त्याला अनुमोदन दिलं. सचिवांनी ती समक्ष बजावावी, असं ठरलं.

योगेंद्र सर मोटारसायकलने बोरझिऱ्याला गेले. चोवीस पानं लिहिणारा हा माणूस त्या गावात पहिल्यांदाच जात होता.

नदीकाठी कडुनिंबाखाली आधार आबा खाटेवर बसले होते. समोर पाणी होतं. पाण्यापलीकडे पत्र्याच्या छपराची शाळा दिसत होती. सर टेकले तेवढ्यात तिकडे घंटा झाली, ती इकडे स्वच्छ ऐकू आली.

“तेच केंद्र?” सरांनी विचारलं.

“तेच शे,” आबा अहिराणीत म्हणाले. “आठेथून दिखस बठ्ठं. मागना येले मी दिवसभर आठेच बसनू व्हतू. रांग दिखे. मना नंबर येस का, दखत ऱ्हायनू.”

म्हणजे मागच्या मतदानाला आबा दिवसभर इथे बसून पलीकडची रांग बघत होते, आपला नंबर येतो का म्हणून. खिशातली नोटीस त्यांनी चाचपली आणि तशीच ठेवली.

थोड्या वेळाने कुंदाबाई तालुक्याहून परतल्या. पाचवा अर्ज देऊन आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या सरांपुढे ठेवला.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“फाईल काढली. म्हणाले, मागच्या वेळी तुमच्या गावाचं मतदान फार कमी झालंय. एवढ्याशा मतदानासाठी वेगळं केंद्र देता येणार नाही.”

“पण मतदान कमी झालं, कारण केंद्र...”

“तेच म्हटलं मी. ते म्हणाले, आधी टक्का वाढवून दाखवा.” कुंदाबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. “सहावा लिहायला घेते. सर, तुम्ही शिकलेले. ‘टक्का’ला दोन क ना?”

सरांनी मान हलवली. मग त्यांनी कागद स्वतःकडे घेतला आणि अर्ज लिहायला सुरुवात केली. एकसष्ट नावं लिहायची होती. एकेक नाव आबा सांगत होते, त्याचं वय आणि त्याचे गुडघे कसे आहेत तेही. बावीस-तेवीस नावं झाल्यावर आबा मध्येच थांबले.

“मास्तर, तुम्ही मोठा शहरमा ऱ्हातस. तुमनं केंद्र कितलं लांब शे?”

“घरामागच्या गल्लीत आहे, आबा. दोनशे पावलं असेल.”

“मंग काय! सकायमाच मत देई उनात व्हतीन तुम्ही.”

सरांचं पेन कागदावर थांबलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. तसे प्रसंगच संख्याशास्त्रात येत नाहीत.

“नाही दिलं, आबा. त्या दिवशी मी पुण्याला होतो. परिसंवाद होता.”

“कसावर?”

“मतदानाचा टक्का का घसरतो, यावर.”

आबांनी पलीकडच्या छपराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“मंग, सापडनं का कारन?”

योगेंद्र सरांनी एकसष्ट नावं पूर्ण केली, अर्ज कुंदाबाईंच्या हाती दिला आणि नोटीस न बजावताच ते परतले. ‘संबंधित व्यक्ती कामात असल्याने भेट होऊ शकली नाही,’ असा शेरा त्यांनी इतिवृत्तात लिहिला. त्यांचं ते पहिलं खोटं.

आता सर ही सगळी हकिकत भेटेल त्याला सांगतात. अकरा मिनिटांची वाटणी, केळीचा घड, नऊ टक्के वाढ. ऐकणारे पोट धरून हसतात आणि म्हणतात, काय ही माणसं! हसून झालं की सर खिशातून वही काढतात आणि एवढंच विचारतात: मागच्या वेळी तुम्ही मत दिलं होतं का? कुणाचं लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये सापुताऱ्याला जायचं ठरलं होतं. कुणाकडे लग्न होतं. कुणाला ऊन फार होतं, तर कुणाला उमेदवार पसंत नव्हते. आतापर्यंत बत्तीस जण झाले. ‘हो’ म्हणणारे नऊ निघाले, त्यातल्या दोघांना कुणाला दिलं ते आठवेना.

तुम्हीही इथपर्यंत हसत आला असाल, तर वहीतली तेहतिसावी ओळ कोरी आहे.